आधी माप दाखवा, मग दर सांगा

प्रति,
विश्वस्त मंडळ,
कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट (इंग्लंड आणि वेल्स)

विषय : कालव्यांवरच्या बोटींचं परवाना शुल्क

सन्माननीय विश्वस्त,

नॉर्थम्प्टनशरमध्ये, ग्रँड युनियन कालव्यावर, माझी सत्तावन्न फुटी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब आणि अरुंद बोट, बांधलेली असते. इथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावर गुलाब आणि किल्ले रंगवलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये देवनागरीत 'नीरा' असं लिहिलंय. लॉकवर, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदावर, भेटणारे लोक विचारतात, हे बायकोचं नाव का? मी सांगतो, नाही, कालव्याचं. मग त्यांना वाटतं मी थट्टा करतोय.

थट्टा नाही. नीरा डावा कालवा तुमच्याच लोकांनी एकोणिसाव्या शतकात आमच्या दुष्काळी मुलखात खणला. त्यात बोट कधी चालली नाही. चालली ती गुरं, धुणी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली पोरं. त्याच्या एका चारीवर माझं लहानपण गेलं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागायचा आणि पाणी दिल्यावर प्रत्यक्षात किती रान भिजलं ते मोजायला आण्णा जायचे. त्यांच्या आकड्यावर पाणीपट्टी बसायची. ऊस की ज्वारी, रब्बी की उन्हाळी, यावर दर वेगळा.

दराबद्दल भांडायचं तर लोक पुण्या-मुंबईला मोर्चे न्यायचे. मापाबद्दल भांडायचं तर आमच्या ओट्यावर यायचे. आण्णा चहा द्यायचे आणि म्हणायचे, दर माझ्या हातात नाही, पण चला, साखळी धरा. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक ते तक्रारदाराच्याच हातात द्यायचे. त्यानंतरही माणूस कधी कधी चिडलेलाच परत जायचा, पण आकड्यावर चिडून नाही.

तुम्हाला माझं गाऱ्हाणं कळावं म्हणून हे आधी सांगितलं. हे पत्र मराठीत आहे याचंही कारण तेच. याचा इंग्रजी मसुदा तुमच्या कार्यालयाकडे रीतसर पाठवतोच आहे. पण पाणीपट्टीवरचा वाद मी मराठीतच शिकलो, आणि शनिवार-रविवारी तुमच्या टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, चालणारी, या बोटींत राहतं कोण आणि त्याला खर्च किती येतो, असं कुतूहल असणारी मराठी माणसं या देशात पुष्कळ आहेत. त्यांनाही हे वाचता यावं.

त्यांच्यासाठी दोन ओळी. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे कालवे आणि नद्या जुलै २०१२ पासून या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्याआधी त्या ब्रिटिश वॉटरवेज नावाच्या सरकारी मंडळाकडे होत्या. पाण्यावर सुमारे पस्तीस हजार परवानाधारक बोटी आहेत. मालवाहतुकीच्या भर काळात होत्या त्याहून आज जास्त आहेत, असं ट्रस्ट स्वतः अभिमानानं सांगतो. परवाना वर्षाचा असतो. त्यात बोट पाण्यात ठेवण्याचा आणि चालवण्याचा हक्क येतो, काठावरचे नळ येतात, कचऱ्याची आणि संडासाच्या टाक्या रिकाम्या करण्याची सोय येते. बोट बांधायची कायमची जागा येत नाही. विमा, डिझेल आणि दर चार वर्षांनी होणारी सुरक्षा तपासणी ज्याची त्यानं बघायची.

आता विषयावर येतो. २०२३ मध्ये तुम्ही बोटवाल्यांची मतं मागवलीत आणि एप्रिल २०२४ पासून शुल्काची नवी रचना लावलीत. ज्याच्याकडे बोट बांधायची कायमची जागा, म्हणजे होम मूरिंग, नाही, त्याला पहिल्या वर्षी पाच टक्के अधिभार, आणि दर वर्षी वाढत २०२८ पर्यंत पंचवीस टक्के. रुंद बोटींवरचा २०२० पासूनचा अधिभारही त्याच वेळी चढता केलात. शिवाय सगळ्यांसाठी मूळ दरातली वाढ आहेच.

मी पहिली सहा वर्षं बिनमूरिंगचा फिरस्ता होतो. गेली तीन वर्षं एका मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या खासगी तळावर, आहे, गुडघ्यानं ऐकायचं सोडलं म्हणून. त्यामुळे या अधिभारातून मला स्वतःला काही मिळणार नाही आणि काही जाणारही नाही. दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लेला माणूस म्हणून बोलतोय.

वाढीला माझा विरोध नाही. सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२७ नंतरच्या दहा वर्षांसाठी सुमारे चाळीस कोटी पौंडांचं अनुदान मिळेल, तेही वर्षागणिक घटत. महागाई धरली तर दहा वर्षांत तीस कोटी पौंडांहून जास्त तूट येईल, असा तुमचा हिशेब आहे. अडीचशे वर्षांच्या जुन्या भिंती, मातीचे भराव, जलाशय. ऑगस्ट २०१९ मध्ये टॉडब्रुक जलाशयाचा सांडवा खचला आणि व्हेली ब्रिज गावातल्या दीड हजार माणसांना घरं सोडावी लागली, तेव्हा 'देखभाल' या शब्दाचा अर्थ सगळ्या देशाला कळला. पैसे लागणार आहेत, आणि बोटवाल्यांनी त्यांचा वाटा द्यायला हवा. माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही नक्की काय मोजताय?

तुमच्या स्वतःच्याच कालव्यांचा इतिहास घ्या. घोडा टोपाथवरून बोट ओढत न्यायचा त्या काळात टोल कसा घेतला जायचा? बर्मिंगहॅमच्या कालव्यांवर आजही ठिकठिकाणी पाण्याच्या मधोमध विटांची चिंचोळी बेटं दिसतात. तिथं टोलचा कारकून बसायचा. बेटापाशी अरुंद झालेल्या वाटेत बोट आली की तो मोजपट्टी घेऊन बोटीच्या कडेला यायचा आणि पाण्याच्या वर किती इंच अंग कोरडं आहे ते चार ठिकाणी मोजायचा. चारींची सरासरी काढून त्या बोटीच्या नंबराचं कोष्टक उघडायचा. प्रत्येक बोट नवी असताना वजनं टाकून किती टनाला किती इंच बुडते, हे एकदा तपासून त्या कोष्टकात लिहून ठेवलेलं असायचं. इंचावरून टन, टनावरून टोल. टोल मैलागणिक आणि मालाच्या जातीप्रमाणे, आणि त्याची कमाल मर्यादा संसदेच्या कायद्यात छापलेली.

मालाच्या जातीप्रमाणे, हे मला फार आवडतं. कित्येक कालव्यांच्या कायद्यांत शेणखत आणि रस्त्याची खडी स्वस्तात किंवा फुकट जायची सवलत होती. काही ठिकाणी अट अशी की लॉकच्या सांडीवरून पाणी वाहत असेल तरच. म्हणजे कालव्यात पाणी मुबलक असेल तर गरजेचा माल फुकट जाऊ द्या, पाणी तुटपुंजं असेल तर त्याचेही पैसे घ्या. आमच्याकडे उन्हाळी पिकाला जास्त दर, तोच हा विचार. भांडवलशाही कंपन्या होत्या त्या, नफ्यासाठीच चालायच्या, तरी कशाचे पैसे घेतो हे त्यांना प्रत्येक नावाड्यासमोर मोजून दाखवावं लागायचं. नावाडीही बेरकी. मोजणाऱ्या बाजूला बोट कलती ठेवायचे प्रयत्न होत, म्हणून तर चार ठिकाणी मोजायचं.

मालवाहतूक गेली आणि मोजपट्टी संग्रहालयात गेली. आजचं मूळ माप बोटीची लांबी. सोपं आहे, वाद होत नाहीत. पण लांबी हे कशाचं माप आहे? काठाला ती जेवढी जागा अडवते त्याचं. ते मान्य. कालव्याच्या खर्चाशी तिचा संबंध त्यापलीकडे फारसा नाही.

रुंदीचा मुद्दा त्यामुळे खरा आहे, आणि तुम्ही तो उचललात हे बरंच केलंत. ग्रँड युनियनचं आमच्याकडचं लॉक चौदा फुटी आहे. त्यात माझ्यासारख्या दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी बसतात. समोरून कुणी येतंय का बघायचं, पाच मिनिटं थांबायचं, दोघांनी मिळून एकच लॉकभर पाणी खर्च करायचं, ही इथली रीत आहे आणि ओळखी होतात त्या अशाच. एकदा लॉक रिकामं झालं की दोन लाख लिटरच्या वर पाणी खाली जातं. बारा फुटी वाइडबीम, म्हणजे रुंद बोट, आत शिरली की शेजारी दुसरं कुणी मावत नाही. ती एकटी तेवढं पाणी घेते. काठावर ती बांधलेली असली की समोरून येणाऱ्याला पाण्याचा निम्मा रस्ता उरतो.

पण वाइडबीमवाल्याचीही बाजू आहे, आणि ती ऐकून घेताना तुमची घाई होते असं मला वाटतं. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीनं मधल्या इंग्लंडच्या कालव्यांची लॉक सात फुटी ठेवायचं ठरवलं. दगड कमी, पाणी कमी, खर्च कमी. त्या निर्णयानं आजही रुंद बोटीला देशाचा निम्मा नकाशा बंद आहे. माझ्या मरीनापासून जवळच वॉटफर्ड गावची लॉक आहेत, सात फुटी. पुढे फॉक्सटनची दहा लॉकची उतरंड, तीही सात फुटी. तिथून लेस्टरकडे वाइडबीम जाऊच शकत नाही. (१९०० मध्ये फॉक्सटनला रुंद बोटी वर चढवायला वाफेवर चालणारा मोठा उतरता पाळणा बांधला होता. वॉटफर्डची लॉक मात्र रुंद करायची राहून गेली, आणि दहा-अकरा वर्षांत तो बंद पडला. अर्धवट सुधारणा कशी वाया जाते हे बघायचं असेल तर त्या टेकडीवर जाऊन उभं राहावं.) म्हणजे वाइडबीमवाला जागा आणि पाणी जास्त घेतो, पण त्याला कालवा कमी मिळतो.

याचा हिशेब पायरीनं कसा होईल? तुमच्या रुंदीच्या अधिभाराच्या पायऱ्या २.१६ मीटर आणि ३.२४ मीटरवर आहेत. २.१५ मीटर रुंदीच्या बोटीला काही नाही आणि २.१७ च्या बोटीला एकदम उडी. पुढे ३.२० ची बोट त्या २.१७ च्याच रांगेत. नॉरफोकच्या ब्रॉड्स या जलमार्गांवर लांबी गुणिले रुंदी, सरळ चौरस मीटर मोजतात. माझी नॅरोबोट छत्तीस चौरस मीटर भरते. तेवढ्याच लांबीची बारा फुटी वाइडबीम चौसष्टच्या आसपास. निव्वळ क्षेत्रफळावर गेलं तर तिला पावणेदोन पट पडेल. ते मला जास्त वाटतं, कारण जलाशय, टोपाथ आणि हिवाळ्यातली दुरुस्ती यांचा खर्च रुंदीवर अवलंबून नाही. निम्मं शुल्क सर्वांना लांबीप्रमाणे आणि निम्मं क्षेत्रफळाप्रमाणे ठेवलं तर फरक चाळीस टक्क्यांच्या आत राहतो. हे निम्मं-निम्मं बरोबरच आहे असा माझा दावा नाही. खर्चाची वही तुमच्याकडे आहे. तुम्ही ती उघडलीत तर साठ-चाळीस निघेल, सत्तर-तीस निघेल. मग भांडण आकड्यावर होईल, आणि वाइडबीमवाले म्हणजे लंडनचे श्रीमंत की घर न परवडणारे तरुण, ही निष्फळ चर्चा तरी संपेल. दोन्ही प्रकारचे लोक मी त्या बोटींत पाहिले आहेत.

आता होम मूरिंगचा अधिभार. इथं माझा तुमच्याशी सरळ वाद आहे.

१९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज कायदा परवाना देताना बोटवाल्यापुढे दोन वाटा ठेवतो. एक तर बोट ठेवायची हक्काची जागा दाखवा. नाही तर परवान्याच्या पूर्ण काळात खरोखर प्रवास करत राहा, आणि परिस्थितीमुळे जास्त थांबणं रास्त ठरत नसेल तर कोणत्याही एका ठिकाणी चौदा दिवसांच्या वर थांबू नका. दोन्ही वाटा कायद्याच्या. दुसरी वाट पहिलीतून पळवाट म्हणून निघालेली नाही. संसदेनं ती मुद्दाम ठेवली, कारण पाण्यावर फिरत राहणारी माणसं तेव्हाही होती. मी त्या वाटेवर होतो तेव्हा दर पंधरवड्याला रविवारी सकाळी दोर सोडायचो. पाऊस असो की बर्फ. कामाला जायचं स्टेशन दर महिन्याला बदलायचं. कायदा मला हलायला लावत होता आणि मी हलत होतो. त्याच हलण्यावर आता अधिभार आहे.

तुमचं म्हणणं मी नीट वाचलंय. जागा नसलेला बोटवाला कालव्याचा आणि सोयींचा जास्त वापर करतो, म्हणून त्यानं जास्त द्यावं. शिवाय मूरिंगवाला मूरिंगचे पैसे वेगळे भरतो आणि त्यातूनही तुम्हाला वाटा मिळतो. खासगी मरीना तुमच्या कालव्याला जोडलेलं असलं तर मूरिंगच्या उत्पन्नाच्या सुमारे नऊ टक्के तुम्हाला देतं. हे खरं आहे. मी ते बिलात भरतोय. आणि फिरस्ता असताना मी काठावरचे नळ जास्त वापरले, कचऱ्याचे डबे जास्त भरले, हेही नाकारत नाही.

मग ते मोजा ना. नळ, कचरा, संडासाच्या टाक्या आणि थांबण्याच्या जागांची निगा यांवर वर्षाला किती जातात, त्यातला किती भाग फिरस्त्यांचा, किती सुट्टीवर निघालेल्या मूरिंगवाल्यांचा, किती भाड्याच्या बोटींचा, हे पौंडांत सांगा. हिशेब पंधरा टक्क्यांचा निघाला तर पंधरा घ्या, तीसचा निघाला तर तीस घ्या. पंचवीस हा आकडा कुठून आला, हे मला तुमच्या कागदपत्रांत सापडलं नाही. पाच-पाचनं चढतो म्हणून तो दिसायला सुबक आहे, पण ते माप झालं नाही.

आणि पत्ता हे वापराचं माप नसतं. माझ्या मरीनात एक गृहस्थ आहेत, निवृत्त सुतार. मी आल्यापासून त्यांची बोट जागची हललेली नाही. ते पूर्ण परवाना भरतात. दुसरी एक जोडी एप्रिलमध्ये निघते ती ऑक्टोबरमध्ये येते, सहा महिने तुमचेच नळ, तुमचेच डबे, चारशे मैल, शेकडो लॉक. तेही तेवढंच भरतात. आणि ज्या परिचारिकेला लंडनमध्ये मूरिंग मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, ती वर्षाला वीस-पंचवीस मैल हलते आणि त्यांच्याहून जास्त भरते. उलट, चतुर माणूस काय करेल? उत्तरेकडे कुठल्या तरी शेताच्या कडेला सगळ्यांत स्वस्त जागा नावाला घेईल आणि बोट आणेल लंडनला. जागा असलेल्याला कायद्यानं सतत प्रवास करण्याचं बंधन नाही. म्हणजे तुमचा अधिभार त्याला बक्षीस देऊन लंडनच्या काठावर गर्दी वाढवेल. आमच्याकडे कमी पट्टीसाठी कागदावर ज्वारी आणि रानात ऊस लावणारे होते. दोष त्यांचा होताच, पण कागदावरचं पीक बघून पट्टी लावली असती तर खात्याचाही झाला असता. म्हणून तर मोजणीदार रानात जायचा.

गर्दीचं दुखणं वेगळं आहे आणि त्याचं औषधही वेगळं. लंडनमध्ये जागा कमी आणि बोटी फार. बिनमूरिंगच्या बोटी २०१२ पासून सुमारे दुप्पट होऊन सात हजारांच्या घरात गेल्या, त्यांतल्या पुष्कळ लंडनच्या आसपास. तिथं जागा टंचाईची आहे, तर पैसे जागेचे घ्या. आगाऊ नोंदणी करून पैसे भरायच्या काही जागा तुम्ही तिथं सुरू केल्याच आहेत. त्या वाढवा, त्यांच्या शेजारी चौदा दिवसांच्या फुकट जागा किती ठेवणार तेही लिहून द्या. लंडनमधल्या लिटल व्हेनिसच्या गर्दीची किंमत यॉर्कशरमध्ये एकट्या फिरणाऱ्या म्हातारीकडून का घ्यायची?

कुणी सुचवतं, प्रत्येक बोटीला यंत्र बसवा आणि मैलाप्रमाणे, लॉकप्रमाणे पैसे घ्या. म्हणजे जुना टोलच. मला ते नको. ज्यांचं घरच बोट आहे त्यांच्या घराला चोवीस तास माग काढणारं यंत्र लावायचं, ही कल्पना मला सहन होत नाही. शिवाय टनाला पैसे घ्यायचे ते कोळशाचे होते. आज बोट हलत राहिली तर पाण्याचा रस्ता मोकळा राहतो, दारं-झडपा चालत्या राहतात, बिघाड लवकर कळतो. हलण्यावर पैसे लावलेत तर लोक हलणार नाहीत.

आता थोडं बेरीज-गुणाकाराचं. माझा अंदाज आहे, चुकला तर सुधारा. सात हजार बोटी. सरासरी परवाना बाराशे पौंड धरा. पंचवीस टक्के म्हणजे तीनशे. गुणाकार एकवीस लाख पौंड वर्षाला, तोही २०२८ मध्ये पूर्ण अधिभार लागल्यावर आणि कुणीही पळवाट न काढल्यावर. तुमची तूट वर्षाला सरासरी तीन कोटी. म्हणजे रुपयात सात पैसे. या सात पैशांसाठी तुम्ही बोटवाल्यांत दोन जाती पाडल्यात. लॉकवर शेजारी उभं राहून एकमेकांची दारं उघडून देणारी माणसं आता विचारतात, तू कुठला, मूरिंगवाला की फिरस्ता?

सगळ्या परवान्यांचे मिळून पैसे तुमच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहेत. बाकी कालवा कोण वापरतं? टोपाथवरून चालणारे, धावणारे, सायकलवाले. ते काही भरत नाहीत, आणि त्यांनी भरावं असं मला वाटतही नाही. टोपाथच्या खालून टेलिफोन आणि इंटरनेटच्या तारा गेल्यात. ग्लॉस्टर-शार्पनेस कालव्याचं पाणी शुद्ध होऊन ब्रिस्टलकरांच्या नळाला येतं. पावसाळी पाणी कित्येक शहरांत कालव्यात उतरतं. हे सगळं सरकारपुढे मांडताना तुम्हाला बोटवाल्यांचा आवाज सोबत लागेल. आम्ही पत्रं लिहितो, खासदारांना भेटतो. पण ज्यांच्यात तुम्ही भांडण लावून दिलंय ते एका आवाजात कसे बोलणार?

दुष्काळाचं एक बोलायलाच हवं. २०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये १८९३ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला. उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल, मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट अशा कालव्यांची लॉक बंद करावी लागली. पीक फॉरेस्ट आणि मॅकल्सफील्डला पाणी देणारा टॉडब्रुक जलाशय तर २०१९ पासून कामाबाहेरच होता. पाऊस तुमच्या हातात नाही, हे कुणीही मान्य करेल. पण बोट जागेवर अडकली, सुट्टी गेली, भाड्याच्या बोटीवाल्यांचा हंगाम गेला, आणि परवाना मात्र पूर्ण वर्षाचा. आमच्याकडे आवर्तन रद्द झालं तर त्या पाळीची पट्टी शेतकरी भरत नसे. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचलंच नाही तर तो आण्णांना कोरड्या सरीत उभं करून दाखवायचा, आणि आण्णा कोरडं रान भिजलं म्हणून लिहायचे नाहीत. एका ठराविक काळापेक्षा जास्त दिवस एखादा भाग बंद राहिला तर तिथल्या बोटींना पुढच्या वर्षीच्या शुल्कात दिवसाप्रमाणे वळतं करा. रक्कम फार होणार नाही. पण पाणी नसतानाच्या दिवसांचा हिशेब तुम्हीही ठेवता, एवढं लोकांना दिसेल.

गरिबांचा प्रश्न मात्र सवलतीच्या दरात गुंडाळू नका. स्वस्त परवाना सरसकट दिला तर त्याचा फायदा सुट्टीपुरती चकचकीत बोट बाळगणाऱ्यालाही होतो. विजेच्या बोटीला पंचवीस टक्के आणि ऐतिहासिक बोटीला दहा टक्के सूट तुम्ही देताच. मग ज्याचं एकुलतं घर बोट आहे आणि ज्याचं उत्पन्न ठराविक रेषेखाली आहे त्याला अर्ज करून सूट मिळावी, हप्ते मिळावेत. आजारी आणि अपंग फिरस्त्यांना चौदा दिवसांत सूट देताना तुम्ही माणूस बघता, मग पैशाच्या वेळी का नाही?

शेवटी, हे सगळं ठरवायचं कुणी? आज कायद्यानं दर ठरवायचा अधिकार तुमचा. तुमच्या कौन्सिलवर बोटवाल्यांचे निवडून गेलेले प्रतिनिधी आहेत, गैरकारभाराच्या तक्रारीला ओम्बड्समन, म्हणजे स्वतंत्र तक्रार-निवारक, आहे. पण दराचं माप तपासून बघणारा तिसरा कुणी नाही. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. ठोक जलदर ठरवताना पाणी वापरणाऱ्यांची मतं ऐकायची आणि दर तीन वर्षांनी दर पुन्हा तपासायचे, हे त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथला कारभार आदर्श आहे असं मी म्हणणार नाही, आमच्या गावचे लोक हसतील. टेलला पाणी आजही रडतखडत पोचतं. पण खर्च अमुक, त्यातला शेतीवर इतका, उद्योगावर इतका, पिण्याच्या पाण्यावर इतका, असा कागद लोकांपुढे ठेवावा लागतो आणि त्यावर बोलता येतं. त्याच्याही आधीपासून आमच्याकडे शेजपाळी होती. कुणाला कधी किती वेळ पाणी, याची यादी चावडीवर लागायची. लोक बोट ठेवून वाचायचे, स्वतःच्या नावापेक्षा शेजाऱ्याचं जास्त.

तुमच्याकडून मला तेवढंच हवंय. २०२८ यायच्या आत परवान्याच्या खर्चाची वही उघडा. बाहेरच्या हिशेबनीसाकडून तपासून घ्या. लांबीचा हिस्सा किती, रुंदीचा किती, सोयींचा किती, टंचाईच्या जागांचा किती, हे वेगवेगळं लिहा. तोवर होम मूरिंगचा अधिभार आज आहे तिथंच थांबवा. वहीतून तो खरा निघाला तर मी स्वतः फिरस्त्या मित्रांना जाऊन सांगेन की भरा. ते मला चहा देतील की लॉकमध्ये ढकलतील, ते त्यांचं ते बघतील.

कळावे,

आपला,
'नीरा'चा मालक आणि एका मोजणीदाराचा मुलगा

ता. क. : माझ्या परवान्यावर बोटीची लांबी १७.३७ मीटर लिहिलेली आहे. हे पत्र लिहायच्या आधी, स्वतःच्या मापाची खात्री असावी म्हणून, टेप लावून पाहिली. दुसरं टोक शेजारच्या सुतारबाबांनी धरलं होतं. १७.३९ भरली. दोन सेंटीमीटरचे काय होतील ते कळवा, पाठवून देतो.